नोझल की अण्णांचा हात

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पँटीला पेट्रोलचा वास यायला लागला आणि आमच्या घरात खटला उभा राहिला. भावजयीनं आधी पँट वेगळी धुतली, मग दोन पाण्यांतून काढली, मग नाकाला पदर लावून माझ्या भावापुढं धरली. भाऊ माझ्याहून लहान, पण अलीकडं तो अण्णांचा बाप झालाय. त्यानं स्कूटरची चावी काढून घेतली आणि मला फोन लावला. ताई, अण्णांचा हात थरथरतो, पंपावर पेट्रोल अंगावर सांडतंय, एखाद्या दिवशी भडका उडेल, तू येऊन समजव. मागनं अण्णांचा आवाज येत होता की हात ठणठणीत आहे, नोझल खराब आहे.

पंपावर पेट्रोल भरायला माणूस असताना अण्णांचा हात मधे येतोच कसा, असं कुणी विचारील. तर आमचे अण्णा नोझल स्वतः धरतात. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळं आवक डोळ्यांदेखत झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पंपावरचा माणूस खटका मधेमधे सोडतो आणि तेवढं पेट्रोल खातो, अशी त्यांची पक्की श्रद्धा. आधी वाकून मशीनवरचा शून्य बघणार, मोठ्यानं ‘शून्य’ म्हणणार, मग नोझल हातात घेणार, आणि भरून झालं की पाइप खांद्याइतका उंच उचलून हिसके देणार. पाइपात राहिलेलं पेट्रोल आपल्या हक्काचं असतं म्हणे. मागं दहा गाड्या हॉर्न वाजवतायत आणि हे आपले थेंबाथेंबाला न्याय मागतायत. लाज वाटते हो. पंपावरच्यांनीही शेवटी हात टेकले होते. अण्णांची स्कूटर दिसली की नोझल आपणहून पुढं करायचे.

मी हे हसण्यावारी नेलं असतं, पण चावी गेली म्हणजे अण्णांचं करमाड गेलं. तिथं त्यांचा कचेरीतला जुना सोबती राहतो. आई गेल्यापासून आठवड्यातून तीन दिवस अण्णा स्कूटरवर त्याच्याकडं जातात, एकच पेपर दोघं मिळून वाचतात, भांडतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. बाकीचे चार दिवस चिकलठाण्यातल्या घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून समोरच्या कारखान्याची भिंत बघायची. मी गेले तेव्हा चावी जाऊन चारच दिवस झाले होते आणि त्यांनी दाढी केलेली नव्हती. भावाचंही चुकत नव्हतं. करमाडच्या वाटेवर, जालना रोडवरचे ट्रक काय म्हातारं माणूस बघून थांबतात का?

दोघं मला न्यायाधीश करून बसले. मी फैसला असा दिला की मी अण्णांसोबत पंपावर जाणार आणि त्यांच्या हाताकडं बघत उभी राहणार. हात हलला तर चावी भावाकडं. नोझल खराब निघालं तर चावी अण्णांची, पुन्हा कुणी ब्र काढायचा नाही. दोघांनी मान हलवली, भावानं चावी तात्पुरती अण्णांच्या हातात दिली. अण्णा लगेच आत जाऊन दाढी करून आले.

स्कूटर त्यांनीच चालवली, मी मागं. तीसच्या वर काटा गेला नाही. सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं तेव्हा अण्णा म्हणाले, जाऊ दे, त्याला घाई असंल. पंपावर पोचलो तर चार मशीनपैकी दोनांपुढं ड्रम आडवे लावलेले. तिसऱ्याचा माणूस मोबाइलवर कुणाची तरी समजूत घालत होता. हवेच्या मशीनजवळ रिकामी खुर्ची होती आणि हवावाला जेवायला गेला होता. मी त्या पंपावर इतक्या वर्षांत कितीदा गेले असेन, सकाळी आठला जा नाहीतर संध्याकाळी सहाला, तो जेवायलाच गेलेला असतो. एवढं जेवून माणूस केवढा झाला असेल, हे बघायची माझी लई इच्छा आहे.

चौथ्या मशीनवर रांग होती. आमची पाळी आली. अण्णांनी शून्य बघितला, शून्य म्हटलं, टाकी फुल करायची म्हणून सांगितलं. माणसानं नोझल पुढं केलं. मी पदर खोचला आणि अण्णांच्या हातावर नजर रोखली. दोन्ही हातांनी त्यांनी नोझल गच्च धरलं होतं. खरं सांगते, तसूभर हलत नव्हतं. टाकी भरत आली. आता खटका आपोआप पडायला हवा होता. तो पडला नाही. अण्णांनी बोट सोडलं तरी पेट्रोल यायचं थांबेना. भसकन वर आलं, टाकीवरून सीटवर, अण्णांच्या पँटीवर आणि माझ्या साडीच्या निऱ्यांवर. पंपावरचा माणूस धावला, त्यानं खिशातून फडकं काढून नोझलच्या मानेला गुंडाळलं, अंगठ्यानं कसलीशी कळ मागं ओढली आणि धार बंद केली. मग आमच्याकडं असं बघितलं की जणू आम्हीच अडाणी.

“काका, उसको कपडा लगाके पकडना पडता,” तो म्हणाला. “सबको मालूम है.”

सगळ्यांना माहीत होतं. बाकीच्या पोरांनाही, मागच्या रिक्षावाल्यालाही. त्यानं तर सांगितलं की ते दिवाळीपासून तसंच आहे. दिवाळीपासून. म्हणजे नोझल दुरुस्त करायचं सोडून अख्ख्या पंपानं खिशात फडकं ठेवायची सवय लावून घेतली होती, आणि इकडं आम्ही माझ्या बापाला घरात म्हातारा ठरवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अण्णा मात्र निथळत्या पँटीत शांत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की जणू नातवाचा पहिला नंबर आलाय. “बघितलं ना बाई?” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, बघितलं.

मग मी तक्रारवही मागितली. माणसानं केबिनकडं बोट दाखवलं. केबिनमधे मॅनेजर डबा खात होता. त्यानं आधी वही मालकाकडं आहे म्हणून सांगितलं. मालक कुठं, तर मालक पुण्याला. मग म्हणाला, वही कपाटात आहे आणि कपाटाची चावी हवावाल्याकडं आहे. मी म्हटलं, मग तो जेवून येईपर्यंत आम्ही इथंच बसतो, आणि पेट्रोलनं भिजलेल्या साडीनिशी त्याच्या सोफ्यावर बसले. वास सुटल्यावर वही सापडली. त्याच्याच टेबलावर, डब्याच्या खाली होती. अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणात. मॅनेजर म्हणाला, चहा घ्या मॅडम, लिहायचं कशाला? अण्णांनी चहाला नको म्हटलं. सरकारी काम चालू असताना ते चहा घेत नाहीत.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली, वेष्टण नखानं फाडलं, पहिलं पान तळहातानं सपाट केलं आणि खिशातलं पेन काढलं. मी शेजारी उभी. पस्तीस वर्षं ज्यांच्या अक्षरावर साहेब लोक खूश होते, ते आता या पंपाची खरडपट्टी काढणार म्हणून मला केवढा आनंद झाला होता. त्यांनी ‘प्रति’ लिहायला घेतलं. प काढला. त्याची काठी खाली येता येता तीनदा वाकडी झाली. वेलांटी दुसऱ्याच ओळीत जाऊन पडली. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पुढचं अक्षर काढायला गेले. मनगट धरलेला हातही थरथरत होता. नोझल दोन्ही हातांनी का धरायचे, ते मला तेव्हा कळलं.

अण्णांनी पेन खाली ठेवलं.

“तू लिही बाई,” ते म्हणाले. “मी चष्मा नाय आणला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मॅनेजरनं मान खाली घालून डब्याचं झाकण लावलं. तो माणूस मला तेवढ्यापुरता आवडला.

मी त्यांच्या त्या वाकड्या अक्षराखालीच लिहायला बसले. अण्णांनी तोंडी सांगितलं, स्वल्पविरामासकट. सदर नोझल नादुरुस्त असून, ग्राहकांच्या जीवितास धोका आहे, तरी तात्काळ कार्यवाही व्हावी. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. सहीच्या जागी मी पेन त्यांच्याकडं सरकवलं. त्यांनी ते माझ्याकडं परत सरकवलं. मी माझी सही केली.

बाहेर आलो. स्कूटर कुणीतरी बाजूला ढकलून ठेवली होती. अण्णांनी चावी खिशातून काढली आणि लावायच्या ऐवजी माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. म्हटलं, अण्णा, ठरलं होतं तसं झालं, नोझल खराब निघालं, चावी तुमची.

“व्हय,” ते म्हणाले. “नोझल बी खराबच हाय.”

मग मी चावी घेतली. मी गाडी चालवली, ते मागं बसले. आयुष्यात पहिल्यांदा. चिकलठाण्याला येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मला तो सगळ्या वाटेनं जाणवत होता. मी तीसच्या वर गेले नाही.

भाऊ खालीच उभा होता. काय निकाल, त्यानं विचारलं. मी सांगितलं, नोझल खराब आहे, दिवाळीपासून, तक्रार लिहून आलोय, माझी साडी हुंगून बघ. त्याचा चेहरा पडला. बिचारा अण्णांजवळ गेला आणि म्हणाला, माझंच चुकलं, चावी तुमच्याकडंच ठेवा. खटला अण्णांनी जिंकला होता आणि मला तिथंच रस्त्यावर रडावंसं वाटत होतं.

अण्णांनी मुलाच्या पाठीवर थोपटलं. जिन्याकडं गेले, पहिल्या पायरीवर थांबले आणि वळून माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात अण्णा सांगतात आणि आम्ही करतो. मला त्यांनी आजवर कधी विचारलेलं आठवत नाही. शाळा कोणती, नवरा कोणता, काही नाही.

“बुधवारी तुला सवड असंल,” ते म्हणाले, “तर मला करमाडला नेशील का?”