रंगीत झेरॉक्स

"ही झेरॉक्स आहे," टेबलामागचा कारकून म्हणाला. त्यानं कागद खिडकीच्या उजेडात धरला, अंगठ्यानं शिक्का चोळून बघितला आणि माझ्या लेकीपुढं सरकवला. "रंगीत आहे म्हणून काय झालं? मूळ दाखवा."

लेक हसली. तिला वाटलं, माणूस चुकतोय. तिनं फाईलीतल्या प्लास्टिकच्या खिशात बोटं घातली, पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं, मग सगळी फाईल टेबलावर उपडी केली. मूळ कागद नव्हता. मी भिंतीपाशी बाकड्यावर मांडीवर डबा घेऊन बसले होते. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"कुणाला दिलंस, माय?"

"तुझ्या काकाला."

"कधी?"

"पोळ्याच्या आधी."

"आणि मला आज सांगतेस?"

"आजबी मी कुठं सांगितलं? या माणसानं सांगितलं."

कारकुनाला हसू आलं, ते त्यानं दाबलं. लेक हसली नाही.

विद्यापीठाच्या कायदा विभागात सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली होती. मुलांना शिकवायचं, संशोधन करायचं, आणि कायमची नोकरी. जागा आमच्या धनगर समाजाच्या प्रवर्गासाठी राखीव होती. म्हणून जात पडताळणीचं प्रमाणपत्र मूळ दाखवल्याशिवाय मुलाखतीला आत सोडत नव्हते. त्याला सगळे व्हॅलिडिटीच म्हणतात. लेकीचं जुनं होतं, हातानं भरलेलं. कॉम्प्युटरवर त्याची नोंद सापडेना, तेही कारकुनानं बघून झालं.

नऊ वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर मोबदला, सुट्टी लागली की घरी बसा. सकाळी इथं, दुपारी जालन्याला, मध्ये एक वर्ष परभणीला. वर्गात मुलं तिला मॅडम म्हणायची आणि जूनमध्ये तीच मॅडम नव्यानं अर्ज घेऊन रांगेत उभी राहायची. पुढची जाहिरात निघेपर्यंत तिचे केस माझ्यासारखे झाले असते.

आता मी काय केलं ते सांगते. दीर घरी आला होता. म्हणाला, "वहिनी, पोरीच्या फार्मसीच्या ॲडमिशनला व्हॅलिडिटी लागते. रक्ताच्या नात्यातल्या कुणाची असली तर काम लवकर होतं. पडताळणीच्या कमिटीपुढं मूळ दाखवतो, दोन दिवसांत आणून देतो." आमच्यात असंच चालतं. भावकीत एकाची व्हॅलिडिटी झाली की तिच्या आधारानं दहा जणांची होते, आणि नाही कोण म्हणणार? लेक तेव्हा जालन्याला तासाला गेली होती. मी कागद काढून दिला. दीर तासाभरात रंगीत झेरॉक्स काढून घेऊन आला आणि म्हणाला, "ही त्या खिशात ठेवा, जागा रिकामी दिसायला नको." मी ठेवली. दोन दिवसांचे दोन महिने झाले. मी दोनदा फोन केला, तो म्हणाला, कमिटीकडं आहे. तिसऱ्यांदा मी फोन केला नाही, आणि लेकीला सांगितलं नाही. ती रागावेल म्हणून नव्हे. मी चूक केली हे मला माझ्या तोंडानं म्हणायचं नव्हतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं फाईल तपासली, तेव्हाही मी शेजारी भाजी निवडत होते. तिला खिसा भरलेला दिसला.

कारकून म्हणाला, "पाचला मुलाखतीची कमिटी उठते. तुमचं नाव मी शेवटी ठेवतो. त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही."

साडेअकरा वाजले होते. लेकीला जागा सोडता येईना, शेवटचं असलं तरी नाव कधी पुकारतील याचा नेम नव्हता. डबा मी तिच्याकडं दिला आणि उठले.

"तू एकटी जाशील?"

"मी एकटीनं दिलाय, मी एकटीनं आणते. तू जेव."

फाटकाबाहेर पांढऱ्या दाढीचा रिक्षावाला उभा होता. मी म्हटलं, शेंद्र्याच्या पुढं आमच्या गावाला जायचंय, येणं-जाणं.

"इत्ता दूर, अम्मा? कोई बीमार है क्या?"

"कोणी बीमार नाय. सरकारी कागद आणायचाय. पाचच्या आत."

"कागद है तो बैठो. आदमी रुकता, कागद नई रुकता."

जालना रोडला त्यानं गाडी अशी काढली की मी दोन्ही हातांनी दांडा धरला. सिडको गेलं, विमानतळ गेला, मग कंपन्यांच्या भिंती सुरू झाल्या. माझं लग्न झालं तेव्हा तिथं आमची मेंढरं चरत होती. आता गाव आणि कंपनी यांच्यामधून एक रस्ता जातो आणि त्या रस्त्याच्या अंगाला आमचं वावर आहे. नवरा गेल्यावर त्याच्या हिश्श्यावर माझं आणि लेकीचं नाव लागलं. कसतो दीरच.

तो अंगणात खाटेवर बसलेला होता.

"या वहिनी. वाटच बघत होतो," म्हणाला. "आज मुलाखत हाय ना?"

तारीख त्याला मीच सांगितली होती, फुशारकीनं.

"भावजी, कागद द्या. रिक्षा उभी हाय."

"देतो की. तुमचाच हाय. बसा, पाणी घ्या." त्यानं खाटेवरच्या पिशवीतून एक कागद काढला. तो व्हॅलिडिटीचा नव्हता. स्टॅम्पपेपर होता, टाईप केलेला. "एवढी एक सही करा. रजिस्टरला पुढच्या आठवड्यात जाऊ. पोरगी आता पगारदार होणार. तुम्हाला काय करायचंय जमिनीचं?"

हक्कसोडपत्र होतं ते.

इथं थांबून एक सांगायला पाहिजे. माझ्या लेकीनं पीएचडी केली ती हक्कसोडपत्रावरच. जमिनीत बाईचं नाव लागतं आणि बाई आपला वाटा भावाला, दिराला सोडून देते, त्या कागदावर. गावोगाव जाऊन तिनं बायांना विचारलं, सही का केली. पहिल्यांदा मला विचारलं, कारण बाप गेल्यावर मी माझ्या भावांना अशीच सही करून दिली होती. तहसिलीच्या गावाला नेलं, सही घेतली, येताना लुगडं घेतलं, घरी पुरणपोळी केली. कागद मी वाचला नव्हता. लेकीच्या प्रबंधात मी आहे, पण नावानं नाही. 'माहिती देणारी स्त्री क्रमांक एक' असं आहे. मी विचारलं, नाव का नाही? ती म्हणाली, नियम आहे, नाव उघड करायचं नसतं. मी म्हटलं, बरं झालं. मिरवण्यासारखं काम नव्हतंच ते.

खरं सांगते, त्या दिवशी अंगणात पेन मी हातात घेतलं होतं. म्हटलं, माझं वय झालं, मी मेल्यावर माझा हिस्सा कुणाला पुरणार? घड्याळात एक वाजायला आला होता. सही केली असती तर दोनच्या सुमाराला विद्यापीठात पोचले असते.

पण या खेपेला वाचायचं ठरवलं. मी चौथी शिकले. मला वाचता येतं, वेळ लागतो. दीर पाय हलवत बसला. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. मी बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. तिथं लिहिलं होतं, 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'.

"भावजी, हे खोटं लिहिलंय."

"काय खोटं?"

"स्वखुशीनं. मला खुशी नाय. आणि दडपण तर तुम्ही पिशवीत घेऊन बसलात."

"तसंच लिहीत असतात, वहिनी. सगळ्यांच्यात तसंच असतं."

"असंल. मी एकदा खोट्यावर सही केली. आता दुसरी करत नाय."

मी पेन खाटेवर ठेवलं. तो म्हणाला, "मग कागदबी मिळत नाय. बसू द्या पोरीला बाहेर. लई कायदा शिकवती ना?"

मी उठले. जायला म्हणून नव्हे, बसून गुडघे धरले होते. आणि उठता उठता मला एक गोष्ट आठवली. लेकीची व्हॅलिडिटी झाली तेव्हा नवऱ्याच्या चुलतभावाची धरून झाली होती, आणि त्या चुलतभावाला स्वतः येऊन शपथपत्र करून द्यावं लागलं होतं की ही मुलगी माझ्या नात्यातली आहे. तो दोन वेळा रुसला होता, म्हणून पक्कं लक्षात राहिलं होतं.

"भावजी, पुतणीच्या फाईलीला शपथपत्र कुणाचं लावलं?"

त्यानं खाटेवरचं पेन उचलून खिशाला लावलं.

"माझ्या लेकीचं लागतं ना? आमच्या नात्यातली हाय म्हणून सही तिनंच करायची ना? केली का तिनं?"

"करंल की. बहीण हाय तिची."

"तिला आज बाहेर बसवल्यावर करंल?"

घरात माझी जाऊ होती. ती कधी पुढं बोलत नाही, दाराच्या आड उभी राहते. ती बाहेर आली, हाताला पीठ तसंच.

"म्हणजे अजून सही झालीच नाय?" तिनं नवऱ्याला विचारलं. "तुम्ही म्हणालात सगळं झालं, निस्ता कागद यायचा राहिला."

"तू आत जाय."

"आत जाऊन काय करू? पोरीच्या ॲडमिशनचे आठ दिवस राहिले. तिचं वरीस बुडालं तर वावर चाटू का मी?" मग माझ्याकडं वळली. "बाई, कागद दिला तर सही करंल ती?"

"करंल. मी सांगते म्हणून नाय. यात पोरीचा काय दोष, म्हणून करंल."

"मग जा घेऊन."

"अगं, थांब," दीर म्हणाला.

"थांबली होती की दोन महिने."

पेटीची किल्ली तिच्या कमरेला होती. तिनं पीठ लुगड्याला पुसलं, आत गेली आणि कागद घेऊन आली. त्याच्या कोपऱ्याला पिठाचं एक बोट उमटलं. दीर खाटेवरून उठला नाही. स्टॅम्पपेपर मात्र त्यानं घडी करून परत पिशवीत ठेवला, वाया जाऊ नये म्हणून.

येताना चिकलठाण्याला ट्रक आडवा झाला होता, तासभर तिथंच अडकलो. शेवटी रिक्षावाल्यानं कुठल्या तरी गोडाऊनच्या मागून रिक्षा घातली. कागद मी लुगड्याच्या आत छातीशी धरला होता. विद्यापीठाच्या फाटकात शिरलो तेव्हा सव्वाचार झाले होते. कारकुनानं कागद उजेडात धरला, शिक्का चोळला.

"हे पीठ आहे का?"

"ज्वारीचं हाय. झेरॉक्सला लागत नाय."

त्यानं यादीवर खूण केली. दहा मिनिटांनी लेकीचं नाव पुकारलं. ती आत गेली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि बरोबर केलं.

ती बाहेर आली तेव्हा व्हरांडा झाडून झाला होता. डबा तसाच भरलेला होता. आम्ही दोघी बाकड्यावर बसून जेवलो. ती म्हणाली, "कमिटीतल्या एकानं विचारलं, कागदावर स्वखुशीनं असं लिहिलेलं असताना तुम्ही उलट कशावरून म्हणता?"

"मग?"

"क्रमांक एकचं म्हणणं सांगितलं."

तेव्हा मी तिला दुपारचं सगळं सांगितलं. पेन हातात घेतलं होतं तेही सांगितलं. ती भाकरी खायची थांबली. म्हणाली, "पुन्हा माझ्या फाईलीला हात लावू नकोस." मी म्हटलं, नाही लावत. आणि लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात जाऊन पुतणीचं शपथपत्र करून आली. काकाला फोन केला नाही, काकूला केला. नेमणुकीची ऑर्डर पाच महिन्यांनी आली. आता ती त्याच विभागात शिकवते. त्याच व्हरांड्यातून जाते, ते बाकडं अजून तिथंच आहे. वावरावर आमची नावं अजून आहेत.

दीर दोन वर्षांनी वारला. पुतणी फार्मसी झाली. जाऊ आहे, लेक आहे, मी आहे.