दारातून ये

अक्का रिकाम्या प्लॉटवरही दारातूनच आत जायच्या. प्लॉट म्हणजे नुसती माती, चारी बाजूंनी मोकळी, कुठूनही शिरावं. पण नकाशात जिथे दार असेल तिथे त्या चुन्याची रेघ मारून घ्यायच्या, वळसा घालून तिथपर्यंत जायच्या आणि नसलेला उंबरा पाय उचलून ओलांडायच्या. त्यांच्याकडे नोकरीला लागलो तेव्हा मी एकदा सरळ आडवा चालत गेलो. त्या ओरडल्या, "अरे, भिंतीतून काय येतोस भुतासारखा? दारातून ये." मी वैराग गावचा. आमच्याकडची भुतं ओढ्याकाठी असतात, बांधकामाच्या प्लॉटवर नाही. मी हसलो. अक्का हसल्या नाहीत.

सोलापुरातल्या जुन्या पेठेत कोणाला अपार्टमेंट बांधायची असली आणि ती उपरी दिसू नये असं वाटत असलं, की तो अक्कांच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात यायचा. त्या विणकरांच्या तेलुगू घरातल्या, अशाच एका पेठेत वाढलेल्या. गळ्यात दोरीला चष्मा आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. तीच पेन्सिल शोधत त्या सगळं ऑफिस पालथं घालायच्या. आम्ही कोणी सांगायचो नाही, तेवढीच करमणूक.

"कागदावरचं घर गोड बोलतं," असं त्या म्हणायच्या. म्हणून पाया खणायच्या आधी त्या प्लॉटवर पुऱ्या उंचीची बांबूंची परांची उभी करायच्या आणि तिच्यावर चादरी टांगायच्या. आपल्या सोलापुरी चादरी, पण टाकाऊ माल. कुठे रंग फुटलेला, कुठे नक्षी चुकलेली. चादर म्हणजे भिंत आणि मोकळी सोडलेली जागा म्हणजे खिडकी. मग काही दिवस गल्लीला त्या घरासोबत राहू द्यायचं. कोणाची सावली कोणाच्या कट्ट्यावर पडते, कोणाच्या खिडकीतून कोणाची मोरी दिसते, हे लोक आपणहून येऊन सांगायचे. बिल्डर लोक या प्रकाराला अक्कांची सर्कस म्हणायचे.

शेवटचं काम विणकरांच्या एका गल्लीत निघालं. माग बंद पडून एक कारखाना पाडलेला, त्या जागेवर अपार्टमेंट. गल्लीत प्रत्येक घराला दगडी कट्टा, सगळे एका ओळीत, आणि खिडक्या अशा की समोरासमोर बसून गप्पा माराव्यात. अक्कांनी तोच कट्टा नव्या इमारतीखालून पुढे नेला, गल्लीकडची उंची शेजाऱ्यांइतकीच ठेवली, वरचे मजले मागे सारले आणि गल्लीवर बसायच्या खिडक्या काढल्या. बिल्डरशेठला उलटं हवं होतं: गॅलऱ्या मागे पार्किंगकडे आणि गल्लीकडे संडासाचे पाइप. "गल्लीला पाठ दाखवणारं घर मी काढत नाही," अक्का म्हणाल्या. शेठ म्हणाले, मग दुसरा आर्किटेक्ट बघू.

तो वाद मिटायच्या आधीच चादरी टांगल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. भर उन्हाळ्याची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. वारा अजिबात नव्हता, तरी दुसऱ्या मजल्याची एक चादर तेवढी हलत होती. समोरच्या कट्ट्यावर त्या घरच्या बालम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्या मोकळ्या चौकटीकडे बघून मोठ्यांदा म्हणाल्या, "न्हाय गं, अजून आलं न्हाय."

"कोणाशी बोलता हो?" मी विचारलं.

"ती वरची बाई. रोज इचारती, पाणी आलं का म्हणून. लई गोड बोलती की."

चौकटीमागे काहीच नव्हतं. जमीन नव्हती, जिना नव्हता. बांबू आणि त्यापलीकडे पांढरं झालेलं आभाळ. मी थट्टेनं विचारलं, "दिसते कशी ही बाई?"

"दिसती की चांगली. गळ्यात चष्मा. अन् केसात पेन्शिल खोवलीया."

अक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या. उन्हासाठी डोक्या-गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, प्लॉटवर नेहमीच असायची तशी. बालम्मांनी त्यांचे केस कधी पाहिले असणं शक्य नव्हतं. अक्कांनी हळूच ओढणीवरून अंबाडा चाचपला.  मग त्या चौकटीकडे बघत म्हणाल्या, "खिडकी बरोबर पडलीय म्हणायची."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला जायचो, तर तब्येतीबद्दल चकार शब्द नाही. एकच घोर. "ती खिडकी बुजवू देऊ नकोस रे. उभी कुठं राहील ती?" ती म्हणजे कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही. परांची उतरायच्या आधीच अक्का गेल्या. ऑफिसात त्यांच्या टेबलावर पेन्सिल नव्हती, आणि ती कुठे आहे हे आता सांगायलाही कोणी उरलं नव्हतं. मी खूप रडलो.

शेठ लगेच प्लॉटवर आले. "आता ही सर्कस उतरवा, अन् हिकडनं पाइप घ्या," असं म्हणत ते चादरींखालून कुठूनही आत-बाहेर करत होते. मी खिडकीसाठी भांडत होतो आणि हरत होतो. भर दुपार होती. बोलता बोलता शेठनी वर दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज मध्येच बंद झाला. मी वर पाहिलं. मला चादर आणि आभाळच दिसलं. शेठनी रुमालानं तोंड पुसलं. मग ते वळसा घालून चुन्याच्या रेघेपाशी गेले, पाय उचलून नसलेला उंबरा ओलांडला आणि बाहेर जाऊन म्हणाले, "राहू द्या ती खिडकी." काय दिसलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

इमारत उभी राहिली, अक्कांनी काढली होती तशीच. गल्लीत नवखा माणूस आला तर कट्टा कुठे जुना आणि कुठे नवा हे त्याला सांगावं लागतं. रंगकाम संपलं त्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. फ्लॅट अजून कोणी घेतलेला नव्हता. खिडकीत उभा राहिलो तर सगळी गल्ली समोर, आणि कट्ट्यावर बालम्मा. म्हटलं, आज आपणच विचारावं. वाकून हाक मारली, "बालम्मा, पाणी आलं का?"

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही; माझ्या खांद्यामागे.

"सरक की जरा," त्या म्हणाल्या. "मागं अक्का हुब्या हायत. त्यास्नी गल्ली दिसंना झालीया."

मागे वळून बघावं असं फार वाटलं. बघितलं नाही. मी बाजूला सरकलो.