टाकी खाली बसली ते दिवस

आमच्या गोठ्यामागचा गोबरगॅस वडिलांनी हौसेपोटी बांधला नव्हता. आईला धाप लागायची. जालन्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, चुलीचा धूर बंद करा, नाहीतर छाती हातची जाईल. मग वडिलांनी विटांचा खोल हौद बांधून घेतला. त्यात कालवलेलं शेण आणि वर उपडी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर यायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. आईने तिच्यावर चुन्याच्या दोन रेघा ओढल्या होत्या. खालच्या रेघेपर्यंत आली तर भाजी, वरच्या रेघेपर्यंत आली तर भाकरीसुद्धा. आमच्याकडे सकाळी देवाच्या आधी टाकीचं दर्शन व्हायचं.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी तेव्हा एस.टी.ने जालन्याला कॉलेजात जायचे आणि स्वतःला फार शहरी समजायचे. त्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. शेणाच्या गॅसवर रांधतात म्हणून आमच्याकडे चहासुद्धा न घेणारी माणसं गावातच होती. मग शहरातल्या पाहुण्यांना गोठ्याचा वास आला तर? या एका धास्तीने मला जेवण जाईना. गुरुवारी जालन्यातल्या मस्तगडच्या दुकानातून दोन बाटल्या फिनाईल आणलं आणि घरात कोणी नाही असं बघून अख्खा गोठा धुऊन काढला. गोठ्याची नाली हौदात जाते आणि फिनाईलने शेणातले गॅस करणारे जंतू मरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मी अक्कल गहाण ठेवली होती.

शुक्रवारी टाकी खालच्या रेघेपाशीच अडकली. शनिवारी पार तळाला बसली. वडील पाइपाला साबणाचा फेस लावून गळती शोधत होते आणि मी शेजारी बादली धरून उभी होते. सांगावं तर कोणत्या तोंडाने?

"उद्या चूलच पेटवा लागन," आई म्हणाली.

"तुला जमन का?" वडिलांनी विचारलं.

"एका दिवसानं काय मरून राह्यले का मी?"

रविवारी पाहुणे बाहेरच्या खोलीत आणि आई आत चुलीपुढे. मी पाटावर मान खाली घालून बसले होते. मुलाकडे बघायचं राहूनच गेलं, माझे कान भिंतीपलीकडे होते. आई खोकायची तेव्हा भीती वाटायची, आणि खोकला थांबला की जास्तच वाटायची.

मुलाच्या आईने विचारलंच, "घरात कोणाला दमा आहे का?"

वडील तोंड उघडायच्या आत आई पदराने डोळे पुसत दारात आली. "न्हाई हो, मिरचीचा ठसका गेला," म्हणाली आणि हसलीसुद्धा. तिचे ओठ निळे पडले होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

लग्न ठरलं. हौद उपसून, नवं शेण भरून टाकी पुन्हा वर यायला महिना लागला. तो महिनाभर आई चुलीपुढे. मी तिच्या हातातली फुंकणी ओढून घ्यायचे, ती परत घ्यायची. "लग्नाची पोर तू, धुरात काळी पडशीन," म्हणायची. शेगडीवर निळी ज्योत पुन्हा पेटली त्या दिवशी मात्र मला राहवेना.

"माय, हौदात फिनाईल माझ्यामुळंच गेलं."

"ठाऊक हाय. शुक्रवारीच हौदाला वास आल्ता."

"मंग बोलली का न्हाई?"

"बोलले असते तर दोन दिवस रडत बसली असतीस. सुजल्या डोळ्याची पोरगी कोनी पसंत केली असती?"

एवढं बोलताना ती मध्ये दोनदा दम घ्यायला थांबली.