अख्खा पाव

"अख्खा आहे हा! अख्खा! शिळा पाव माझ्या माथी मारतेस होय गं?"

सासूबाईंचा आवाज बेकरीची दोन दारं फोडून माझ्या गाडीपर्यंत आला. मॉन्ट्रियलचा हिवाळा, दोन हजार सतरा. नदीवरचा बर्फ त्या आवाजाने वीतभर तरी तडकला असणार. मी धावलो. धावलो कसला, घसरत गेलो.

ही आग मीच लावलेली होती. दोन चौकांपलीकडच्या त्या फ्रेंच बेकरीतून मी रोज सकाळी बॅगेट आणायचो. हातभर लांब पाव, भट्टीतून नुकताच निघालेला. घरी पोचेपर्यंत त्याचं कुरकुरीत टोक आपोआप माझ्या तोंडात जायचं. त्या वासापुढे ऋषिमुनीही टिकले नसते. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "जावईबापू, हा पाव रोज थोटका कसा?"

उष्टा केलाय, हे कुठल्या तोंडाने सांगू? दिलं ठोकून. "आई, इथे ताज्या पावाचं टोक दुकानदारच तोडतो. तीच खूण. अख्खा दिसला की समजायचं, कालचा."

"काय प्रामाणिक लोक बाई!" म्हणाल्या, आणि माझं उष्टं रोज तूप लावून कौतुकाने खात राहिल्या.

बायको हॉस्पिटलात, मी ऑफिसात, आणि त्या दिवसभर फ्लॅटच्या खिडकीशी. तीन महिन्यांत एकट्या अशा कुठे गेल्याच नव्हत्या. त्या शनिवारी त्यांनीच फर्मान काढलं, "पाव मी आणणार. तुम्ही गाडीतून सोडा आणि तिथेच बसा. आत आलात तर याद राखा!" आदल्या दिवसापासून नमस्काराचं "बाँजूर" आणि आभाराचं "मॅर्सी" घोकणं चाललं होतं. पातळावर लेकीचा जाडजूड कोट चढवून, महाराणी दरबारात जावी तशा त्या आत गेल्या होत्या.

आणि आता काउंटरवरची पोरगी कावरीबावरी होऊन तिसरा पाव पुढे करत होती. तोही अख्खाच.

"बरे आलात! सांगा हिला, परकी बाई बघून फसवू नकोस म्हणावं."

तिथेच खरं सांगून टाकायचं की नाही! पण मी फ्रेंचमध्ये पोरीला म्हणालो, "जरा टोक तोडून द्याल का?" ती हसली. सगळी रांग हसली. तेवढ्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पैसे दिले, पाव काखोटीला मारला आणि दारापर्यंत जायच्या आत टोक कडकन मोडून तोंडात टाकलं. त्याच्यामागच्या बाईनेही तेच केलं.

सासूबाई बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही?"

मी मान खाली घातली.

त्यांनी पैसे ठेवले, अख्खा पाव उचलला, घोकलेलं "मॅर्सी" कसंबसं पुटपुटल्या आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडल्या.

गाडीत तो गरम पाव त्यांच्या मांडीवर होता. सगळ्या गाडीभर वास. पहिल्यांदाच तो वास मला नकोसा झाला.

"आई, चुकलं माझं. उद्या परत येऊ. त्या पोरीला मी आधी सगळं सांगतो. पाव तुम्हीच मागा. मी गाडीतून उतरणारसुद्धा नाही."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"नको. तुम्हीच आणत जा."