नवऱ्याचा रकाना

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत मी प्रोग्रामर होते. कॉम्प्युटर आतल्या खोलीत एसीत गारेगार, आणि आम्ही माणसं बाहेर पंख्याखाली उकडत.

विवाहित महिला कर्मचाऱ्यांची माहिती कार्डांवर पंच व्हायची. त्यात एक रकाना होता : 'पती हयात?' होय असेल तर एक, नाही तर शून्य. रकाना कोराच राहिला तर काय, हा प्रश्न मला पडलाच नाही. कोऱ्या रकान्याला यंत्र शून्य समजत होतं, आणि मी यंत्राला शहाणं समजत होते.

आमच्याकडे एक शिपाई बाई होती. तिचा नवरा आठ वर्षांपूर्वी सायकलचं पंक्चर काढून आणतो म्हणून सीताबर्डीला गेला, तो गेलाच. पत्र नाही, प्रेत नाही. अर्जातला तो रकाना तिने कोरा सोडला होता. माझ्या प्रोग्रामने तिला विधवांच्या यादीत बसवलं आणि यादी नोटीस बोर्डावर लागली.

दोन दिवसांत बातमी ऐकून उमरेडहून सासरची माणसं एसटीने रडत आली. बाई घरात भाजी फोडणीला घालत होती. नणंद कुंकू पुसायला पुढे झाली, तेव्हा बाईने हातातला झारा उगारला म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलासमोर उभी.

"माह्या नवऱ्याले कोनं मारलं वं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं बाई. आत्ता 'होय' करते."

"होय कशाले? तुले दिसला का तो कुठं?"

"मग काय लिहू?"

"मी कोरं सोडलं होतं ना! तुह्या मशीनले कोरं काहून समजत नाही?"

साहेब म्हणाले, "माणूस जिवंत असतो, नाहीतर मेलेला. तिसरं काय असतं?" त्यांची स्वतःची बदली दोन वर्षं होणार की नाही यात लटकली होती, पण ते तोंडावर सांगायची सोय नव्हती. आठवडाभर डोकं फोडून मी नऊचा आकडा आणला. नऊ म्हणजे माहीत नाही. प्रोग्राममध्ये जिथे जिथे 'एक नसेल तर विधवा' असा माझा अतिशहाणपणा होता, तो उपटून काढला.

त्यानंतर दरवर्षी माहिती तपासायची वेळ आली की बाई माझ्यापुढे चहाचा कप आदळून विचारायची, "माह्यं नऊ हाये ना?"

"आहे," मी म्हणायचे.

चौथ्या वर्षी तिने कप हळूच ठेवला. "शून्य कर वं."

"काही कळलं का?"

"काय कळते! थकली मी वाट पाहून." माझी नजर तिच्या कपाळाकडे गेली, ती तिने पकडली. "हे नाही पुसत. हे माह्यं हाये."

मशीनने तिला न विचारता टाकलं होतं, तेच शून्य मी टाकलं. या खेपेला ते तिने सांगितलं होतं. मला भर कचेरीत रडू आलं. साहेबांना म्हटलं, आतल्या खोलीतला एसी बाधला.