चेअरमनीणबाईंचा पिंजरा

आमच्या घरात उंदराला उंदीर म्हणायची बंदी होती. मामा म्हणायचं. नाव घेतलं की त्याला कळतं आणि तो सावध होतो, असं आत्याबाईंचं ठाम मत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे, म्हणजे आप्पा, गावातल्या सोसायटीचे चेअरमन होते, म्हणून गाव त्यांना चेअरमनीणबाई म्हणायचं. खरं सांगायचं तर मामांच्या कानांची त्यांना फारशी काळजी नव्हती, काळजी होती ती शेजारणींच्या कानांची. ज्या घरात उंदीर त्या घरची बाई गबाळी, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. एकदा चौसाळ्याचे पाहुणे नणंदेला बघायला आलेले असताना एक चांगला पोसलेला मामा बैठकीतून आरामात चालत गेला. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मांजरीचं पिल्लू हाय." पाहुण्यांनी पुढचा चहा पाय वर घेऊन प्याला. पाहुणे गेल्यावर मात्र आत्याबाई चुलीपुढे पदरात तोंड घालून बसल्या. त्यांना लाज फार लवकर वाटायची.

मी धर्मापुरीहून लग्न होऊन आले ते बाहत्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर. रानात दाणा उरला नाही तसे उंदीर गावात शिरले. कुणाच्या कणगीत, कुणाच्या अंथरुणात, कुणाच्या देवघरात. घरात ज्वारीच नाही तिथे हे जेवायला यायचे, म्हणून बायका हसायच्या आणि हसताहसताच डोळे पुसायच्या. सोसायटीने विषाच्या गोळ्या आणल्या होत्या. आप्पांनी त्यातल्या थोड्या घरी आणल्या, तर आत्याबाईंनी त्या उंबरठ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. आमचं घर लिंगायत वाण्याचं. "गळ्यात लिंग घालायचं अन् हातानं ईख कालवायचं व्हय?" एवढंच बोलल्या. आप्पा गोळ्या घेऊन आल्या पावली परत गेले.

त्याऐवजी आत्याबाईंनी बीडहून एक पिंजरा मागवला. तारेचा, वर कडी असलेला. आळीत तेवढा एकच. त्यात भाकरीचा तुकडा लावायचा तो ताजा, वरून तेलाचं बोट फिरवलेला. मी एकदा शिळा तुकडा लावायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. "पाव्हण्याला शिळं घालतेत का माय?" त्या दिवसांत आम्ही स्वतः रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खात होतो, त्या गिळता गिळत नसत. मामांना मात्र पेटाऱ्यात राखलेल्या ज्वारीची भाकरी. मला राग यायचा, आणि त्या रागाचंही हसू यायचं.

हळूहळू पिंजरा आळीभर फिरू लागला. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. आणि इथे आमच्याकडची एक रीत आड आली. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, त्यात काहीतरी घालून द्यायचं, चिमूटभर साखर का असेना. साखर कुणाकडेच नव्हती. पहिल्यांदा शेजारच्या गयाबाईंनी पिंजरा परत आणला तो आतल्या उंदरासकट, आणि दारातूनच म्हणाल्या, "रिकामा कसा आनू बाई, तुमीच सांगा!" दोघी पोट धरधरून हसल्या. मग तीच चाल पडली. उंदीर मारायचं पाप कुणालाच नको होतं आणि रीतही मोडायची नव्हती. सगळ्या आळीचे मामा पदराखाली झाकून आमच्या घरी पोचू लागले. पुढची व्यवस्था चेअरमनीणबाईंची.

सुरुवातीला आत्याबाई त्यांना शिवेवरच्या ओढ्यापलीकडे नेऊन सोडायच्या. दिवस कलताना पिंजऱ्यावर फडकं टाकून निघायच्या, मी मागून. एकदा सोडलेला उंदीर कोरड्या वाळूत तसाच बसून राहिला. कुठे जावं ते त्याला कळेना. तेवढ्यात घार आली. आत्याबाई कितीतरी वेळ वर बघत उभ्या राहिल्या. "ह्ये सोडनं न्हाई, ह्ये मारनंच झालं की," असं म्हणून परत फिरल्या. पुढच्या खेपेला त्या ओढ्याकडे वळल्याच नाहीत. मांजरसुंब्याच्या वाटेला सोसायटीचं गोदाम होतं, त्याच्या मागच्या भिंतीशी गेल्या आणि कडी उचलली. मी घाबरून म्हटलं, "आत्याबाई, आत धान्य आहे." त्या म्हणाल्या, "सोसायटी समद्यांची हाय म्हनत्यात तुझे सासरे. मग ह्यांची कावून न्हाई?"

पोती एवढाली, उंदीर एवढासा, खाऊन खाऊन खाईल किती, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आळीभरच्या उंदरांना पिल्लं होतात, याचा विचार त्यांनी केला नव्हता. घरातली लाज घराबाहेर गेली, एवढंच समाधान होतं.

उन्हाळा संपायच्या आत मिलोची पोती खालून पोकळ निघाली. तालुक्याचे साहेब आले, वजन झालं, तूट निघाली. आप्पा म्हणाले, उंदरांनी खाल्लं. गाव म्हणालं, पक्क्या फरशीच्या गोदामात आजवर उंदीर नव्हते, ते नेमके दुष्काळातच कुठून आले? आप्पा वाणी माणूस, तराजू हातातला. पोरं उपाशी असताना माणसाचा संशय कुठेही जातो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आप्पा बाजारातून यायचे ते भिंतीकडेने. जेवायला बसायचे आणि भाकरी मोडून तशीच ठेवायचे. तूट निघाल्या दिवशी आत्याबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मारुतीच्या पारावर सभा बसली. पुढे पुरुष, मागे लिंबाखाली आम्ही बायका. आप्पांविरुद्ध बोलायला उभे राहिले ते दादाराव, गावचे मोठे जमीनदार आणि गयाबाईंचे यजमान. चांगलं बोलले, टाळ्या पडल्या. आप्पा खाली मान घालून बसले होते. आणि माझ्या शेजारून आत्याबाई उठल्या. पुरुषांच्या सभेत आजवर आमच्या घरची बाई बोलली नव्हती. पदर कपाळाखाली ओढून त्या म्हणाल्या, "ती उंदरं माझी हायत. म्या नेऊन सोडली गोदामामागं. ह्यांना काय बी ठावं न्हाई."

त्यावर हशा उठला. असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायलाही नको. दादाराव म्हणाले, "एवढी उंदरं एकल्या तुमच्याच घरात निघाली व्हय?"

आळीतल्या साऱ्या बायका तिथेच बसल्या होत्या. कुणी बांगडी फिरवत होती, कुणी नखाने माती उकरत होती. आत्याबाईंनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "व्हय," त्या म्हणाल्या, "माझ्याच घरची. माझं घर लई गबाळं हाय."

पाहुण्यांपुढे उंदराला मांजर म्हणणारी ती बाई!

"मग पिंजरा दाखवा की," दादाराव म्हणाले. आता पिंजरा त्या दिवशी कुठे होता? खुद्द दादारावांच्या माळवदाखाली, गयाबाईंनी आठवडाभरापूर्वी नेलेला. हे तीनच जणींना ठाऊक होतं. मी उठू लागले तशी आत्याबाईंनी पाठीमागे हात करून माझं मनगट असं दाबलं की बांगडी पिचली. "मोडला," त्या म्हणाल्या, "फेकून दिला."

"घ्या, उंदराला मांजर साक्ष!" दादारावांनी हात झटकला. गाव पुन्हा हसलं.

पुरावा नव्हता, म्हणून आप्पांवर कारवाई झाली नाही. पण विश्वासही उरला नाही. चेअरमनपद गेलं. चेअरमनीणबाई हे नाव मात्र गेलं नाही, पोरं ते ओरडून मागून चूं चूं करायची. आप्पा एकदाच बोलले. "मला चोर म्हनले त्येचं काय न्हाई. तुला खोटी म्हनले." आत्याबाईंनी त्यांनासुद्धा पिंजरा मोडला असंच सांगितलं होतं. मी पुढे कधी विषय काढला की म्हणायच्या, "तिला त्या घरात नांदायचं हाय माय." गयाबाईंनी पिंजरा परत आणला नाही. आणला असता तर तो कुठे होता ते सांगावं लागलं असतं. त्या आमच्या दारावरून जायच्या त्या पलीकडच्या कडेने, आणि नेमक्या त्याच वेळी आत्याबाई आत जायच्या, त्यांना जाणं सोपं व्हावं म्हणून. लाज कुणाची आणि लपतंय कोण, असं मला तेव्हा वाटायचं. मीही कुणाला काही सांगितलं नाही, कारण पिचलेल्या बांगडीची शपथ मी मोडू शकले नाही.

आत्याबाई पिकल्या वयात गेल्या. त्यांच्या शिवगणाराधनेच्या जेवणाला सारं गाव आलं. दादारावांना जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. पंगत उठता उठता गयाबाई आल्या, काठी टेकत. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्या माझ्याकडे आल्या नाहीत, थेट आप्पांपुढे जाऊन बसल्या आणि फडकं सोडलं. तारेचा पिंजरा, गंजून लाल झालेला, कडी शाबूत. आत चिरगुटाची पुरचुंडी, तिच्यात ओंजळभर ज्वारी.

"रिकामा कसा आनू?" गयाबाई म्हणाल्या. पिंजरा त्यांनी पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "सभेच्या दिशी ह्यात उंदीर व्हता, भाऊ. आमच्याच घरातला. म्या उठले न्हाई."

पंगतीत त्या सभेला असलेली माणसं अजून बरीच होती. कुणीच हसलं नाही. आप्पांनी पिंजरा मांडीवर घेतला, कडी उचलून पाहिली, पुन्हा लावली. "म्हंजी मोडला नव्हता," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

गयाबाई उठू लागल्या तसे आप्पा मला म्हणाले, "सूनबाई, त्येंची पुरचुंडी रिकामी परत देऊ नको."

मी आत जाऊन त्या चिरगुटात गुळाचा खडा बांधला. तो घेताना गयाबाईंनी मान वर केली नाही. देताना माझीही वर झाली नाही.