उरकुडा कुठे गेला?

आमच्या दुकानात लोक पूर्वजांचे कागद झेरॉक्स करायला येतात आणि मूळ कागद काचेखालीच विसरून जातात. थोड्या वेळानं धापा टाकत परत येतात, कागद घेऊन जातात. पण तो कागद निघाला कुठून, सापडला कसा, हे जे काही सांगितलेलं असतं ते दुकानातच राहून जातं. कचेरीसमोर इतकी वर्षं मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडे टोनर कमी आणि किस्सेच जास्त साठतात!

त्यातूनच आमची टोळी जमली. पटले सर, गणिताचे रिटायर मास्तर, भुताखेताचं नाव काढलं की चिडणारे. सुनंदाताई, दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. आणि मी. रविवारी शटर अर्धं खाली ओढायचं, चहा मागवायचा आणि आपापली मेलेली माणसं शोधत बसायचं.

माझा माणूस म्हणजे उरकुडा. माझ्या पणजोबांचे वडील. इंग्रजांच्या काळात हा भावांबरोबर कुठल्याशा तलावाच्या मातीकामाला गेला. भाऊ परत आले, हा आला नाही. भावांनी जन्मभर तोंड उघडलं नाही. प्रेत कोणी पाहिलं नाही, म्हणून बायकोनं मरेपर्यंत बांगड्या उतरवल्या नाहीत. आजही आमच्या घरी अक्षय तृतीयेला सगळ्या पितरांची पानं वाढतात, उरकुडाचं वाढत नाहीत. बाबा म्हणतात, "जित्या माणसाले पितरांत कसा जेवाले बसवू?"

बाबा आता फार थकलेत. त्यांचं एकच मागणं आहे. जिथं जीव गेला तिथली चिमूटभर माती आणून देवापाशी ठेवली की माणूस पितरांत मिळाला, अशी आमच्या घरची रीत. "मी जायच्या आधी त्याले मिळव रे बापा," ते म्हणाले. "तिकडं त्याची बायको मले विचारल, माझा माणूस कुठं हाये? मी का सांगू तिले?"

हे ऐकल्यापासून मला धड जेवण जात नव्हतं. दुकानात येईल त्याला मी विचारायचो, तुमच्याकडचा तलाव कोणी बांधला? लोकांना वाटायचं, याचं डोकं फिरलं.

*

तर आधी मशीनचा किस्सा. कामठ्याचे एक गृहस्थ पणजोबांचा फोटो घेऊन आले. घरातला सगळ्यात जुना फोटो. पांढरा फेटा, हातात काठी, डोळे वटारलेले. मी कॉपी काढली. कॉपीत डोळे मिटलेले!

काच पुसली, पुन्हा काढली. पुन्हा मिटलेले. टोनर हलवून पाहिला, मशीन बंद करून सुरू केलं. मूळ फोटोत म्हातारा माझ्याकडे टक लावून पाहतोय आणि कॉपीत गाढ झोपलाय. 

गृहस्थ मात्र शांत. घड्याळात बघून म्हणाले, "राहू द्या भाऊ. जेवून झोपायची सवय होती म्हणे त्यांची. मी चार वाजता येतो."

चार वाजता आले. पहिल्याच फटक्यात कॉपी निघाली, डोळे टक्क उघडे.

*

पटले सर पोवार समाजाचे. त्यांचे पूर्वज माळव्यातून आलेले. त्यांची वंशावळ सांगणारे भाट अजूनही अधूनमधून घरी येतात. सरांच्या घरी रीत अशी, की भाटानं एकेक नाव वाचायचं आणि घरच्यांनी "हो" म्हणायचं. म्हणजे, हा आमचाच.

मागच्या वेळी भाट वाचता वाचता एका सुनेच्या नावापाशी आला. मूलबाळ नसलेली, लवकर गेलेली. तिचं नाव घरात कोणी कधी ऐकलेलंच नव्हतं. कोणी "हो" म्हणेना. भाट थांबून राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला, "हो."

भाट पुढे वाचू लागला. सर खुश होऊन आत बघत ओरडले, "अगं, तुला माहीत होती का ही?"

काकू त्यांच्या मागूनच म्हणाल्या, "मी तर इथंच बसून राहिली जी. अंदर कोन हाये?"

सर आजही सांगतात, शेजारचा टीव्ही असेल. सुनंदाताई त्यांना चिडवतात, "सर, टीव्हीले तुमच्या घरची सून कशी ठाऊक?"

*

सुनंदाताईंचा शोध आमच्यापेक्षा कठीण. त्यांना पणजीचं नाव हवंय. बाईचं नाव कुठं मिळतं? जिकडे पाहावं तिकडे अमक्याची बायको नाहीतर तमक्याची आई. जिनं त्यांच्या आजीला जन्म दिला तिला काय हाक मारायचे, हेही माहीत नसावं, याचं ताईंना मनापासून वाईट वाटतं.

बिरसीला त्यांची एक म्हातारी आत्या आहे, नावं जाणणारी तेवढी एकच उरलेली. ताई गेल्या. आत्या काही केल्या सांगेना.

"काऊन सांगत नाही?"

"नाव घेतलं का ते येते."

ताई हसल्या. "येऊ दे ना मग. मले भेटाचंच हाये तिले."

आत्या जवळ सरकली. मग ओठ हलले. नेमकं तेव्हाच डोक्यावरून शिकाऊ पायलटचं विमान घरघरत गेलं, बिरसीत दिवसभर हेच चालतं. ताईंना एक अक्षर ऐकू आलं नाही.

"पुन्हा सांग ना आत्या."

"एकदाच घेत असतात," म्हणून आत्या उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. घरात माणसं दोन, आणि ट्रेमध्ये कप तीन.

"तिसरा कोनाचा?"

आत्या म्हणाली, "तूच बलावलं ना तिले?"

ताईंनी आपला चहा संपवला आणि पहिल्या बसनं परत आल्या. तिसऱ्या कपाकडे पाहिलं का, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "पाहिलं नाही. पण कप उचलताना आत्यानं तिन्ही एकात एक ठेवले, ओतलं काहीच नाही, एवढं दिसलं." सिस्टरचं लक्ष, दुसरं काय!

*

आमची कीर्ती ऐकून गोंदियातले एक राईस मिलवाले शेठ दुकानात आले. "भैया, मेरे परदादा का भी कुछ पता लगाओ. गाडी ले के माल बेचने निकले थे, लौटे ही नहीं." आम्ही कामाला लागलो. चार ठिकाणी विचारलं, दोन गावं फिरलो.

एका सकाळी शेठचा फोन. आवाज बसलेला.

"भैया, बंद करो ढूंढना."

"क्या हुआ, मिल गये क्या?"

"अभी मिल के गेट पे एक आदमी आया था. पूछ रहा था, मुझे कौन ढूंढ रहा है?"

*

सरांची एक गोष्ट सांगायचीच राहिली. त्यांना एका जुन्या कागदावर पणजोबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा मिळाला. ठशाच्या मधोमध आडवी रेघ, विळ्यानं कापल्यासारखी. सरांनी आपला अंगठा पुढे केला. तिथंच, तशीच रेघ! त्यांच्या वडिलांनाही होती म्हणे.

"यात काय विशेष? आम्ही सगळे धान कापणारे. विळा लागणारच," सर म्हणाले. गणित सुटलं म्हणून चहाही त्यांनीच मागवला.

चहा येतोय तोच पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. जन्मात विळा न पाहिलेली पोरगी. कॅमेऱ्यासमोर डावा अंगठा धरून रडत होती, "आजोबा, बघा ना, सफरचंद कापताना काय झालं!"

सरांनी फोन आमच्याकडे दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

*

आणि आता उरकुडा.

एक बाई दुकानात आधार कार्डाची कॉपी काढायला आल्या. सवयीनं मी तलावाचं विचारलं. उरकुडाचं नाव घेतलं. त्या सहज म्हणाल्या, "आमच्या तलावाच्या पाळीवर हायेत ना उरकुडाबाबा."

पाळ म्हणजे तलावाचा बांध. मी एका कोऱ्या कागदावर गावाचं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं सौंदडच्या स्टेशनवर उतरलो आणि ऑटोनं पुढे गेलो. गावाचं नाव सांगत नाही. भर उन्हाचा दिवस, आणि तलाव मात्र काठोकाठ भरलेला. पाळीवर अर्जुनाची मोठी झाडं आणि त्यांच्या मधोमध शेंदूर लावलेला एक दगड. गावच्या जुन्या पाटलीणबाई आमच्यासोबत आल्या होत्या. आमच्यामागे अख्खं गाव.

"लय जुनी गोष्ट हाये जी," पाटलीणबाई म्हणाल्या. "पाळ बांधत, अन् पावसाळ्यात फुटून जाय. मंग मातीकामाले तीन भाऊ आले होते. दोघं परत गेले, तिसरा पाळीतच राहिला. तवापासून पाळ फुटली नाही."

"भावांनी घरी काहीच सांगितलं नाही," मी म्हणालो.

"कसे सांगतील जी? त्यांनीच तर हो म्हटलं होतं."

 सुनंदाताईंनी माझा दंड धरला. मला रडू आवरेना. मेलेल्या माणसाचं इतकं दुःख होईल असं मला वाटलं नव्हतं, तेही कधी न पाहिलेल्या माणसाचं. त्या दगडापाशी डोकं टेकवलं. बाबांचं सगळं सांगितलं, पानाचं, बांगड्यांचं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मग मी खिशातून रुमाल काढला, दगडाच्या पायाशी पसरला आणि मातीला हात घातला. 

"नेऊन राहिले का त्याले?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"हो माय. घरी नेतो."

"न्या ना बाबू. तुमचाच हक्क हाये. किती दिवस ठेवाचा आमी दुसऱ्याचा माणूस?" त्या मायेनंच बोलत होत्या. मग त्यांनी सरांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,

"पन त्याच्या जागी कोनाले ठेवून जाता?"